मल्लाण्णानं कंदील सोडला होता

माझ्याविषयी एक चांगली गोष्ट सांगितली जाते. तिच्याखाली जे आहे ते आजवर माझ्या तोंडून कुणीही ऐकलेलं नाही. बायकोनं नाही, मुलांनी नाही. देवापुढं हात जोडून उभा राहिलो तरी मी तेवढं सोडून बाकी सगळं बोलायचो. तुम्ही म्हणाल, देवाला काय सांगावं लागतं? लागतं. निदान मी तरी सांगायला हवं होतं.

आधी ती चांगली गोष्ट सांगतो. नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळायचं नाही.

कराडजवळच्या एका साखर कारखान्यातून मी सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. घर मलकापुरात. निरोपाच्या कार्यक्रमात युनियनच्या अध्यक्षांनी भाषण केलं. म्हणाले, साहेब तरुण असताना सांगलीला हळदीच्या पेढीवर होते. तिथं कामावर एक माणूस मेला. सगळे म्हणाले, प्रकरण दाबा, कशाला बाहेर काढता? पण साहेबांनी नोकरीची पर्वा केली नाही, फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवलं. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत बायकोनं डोळ्याला पदर लावला. गळ्यात हार घालून मी बसलो होतो, आणि — मला उठून जाता आलं असतं. नाही गेलो. टाळ्या थांबल्यावर मी नमस्कारसुद्धा केला.

यातला एकही शब्द खोटा नाही बरं का. कळवलं मीच. नको नको म्हणणाऱ्यांचं न ऐकता कळवलं. पण काय कळवलं? तेवढंच कुणी कधी विचारलं नाही.

मी जत तालुक्यातला. वडील मेंढरं राखायचे. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. आमच्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. सांगलीला कॉलेजात आलो तेव्हा माझं बोलणं ऐकून पोरं हसायची, म्हणून मी वर्षभर वर्गात तोंडच उघडलं नाही. राहायला जागा नव्हती. नदीकाठच्या एका गावात हळदीची एक पेढी होती, तिथं पोती मोजायचं काम मिळालं. शेठनी गोदामाला लागून असलेली खोली उघडून दिली. म्हणाले, "दिवसा शीक, संध्याकाळी पेढीचं बघ." पदवीदानाला जायला माझ्याकडं धड कपडे नव्हते, तर त्यांनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर चढवला. बाह्या लांब होत्या. शेठाणींनी त्या आत दुमडून टाके घालून दिले. अशी माणसं ती. अशांसाठी मी काय केलं नसतं? — त्या काळी हा प्रश्न मी अभिमानानं विचारायचो.

बी.ए. झाल्यावर शेठनी मला पेढीवरच ठेवून घेतलं. हळदीला पॉलिश करायचा छोटा कारखाना होता, मोठाली पिंपं फिरायची, सगळीकडं पिवळी धूळ. कामगारांची हजेरी, मिरजेहून मालगाडीचे डबे मिळवणं, सरकारी कायदेकानून, हे सगळं माझ्याकडं. इंग्रजी वाचणारा मी एकटाच होतो. शेठ आल्यागेल्याला सांगायचे, "हा आमचा पदवीधर." मला तेव्हा काय वाटायचं, ते माझ्यासारख्या घरातून आलेल्यालाच कळेल.

आता मल्लाण्णा.

मल्लाण्णा आमच्या शेजारचा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. मला शाळेत घालायचं म्हटल्यावर वडील म्हणाले होते, मग मेंढरांमागं कोण जाणार? मल्लाण्णा म्हणाला, "माझ्या कळपात सोडा की. माझ्या मागं धा आसली काय आन् ईस आसली काय!" आणि त्यानं ती राखली. मी दहावी-अकरावीपर्यंत पोचलो तो असा. मोठ्या दुष्काळात आमचे दोघांचेही कळप गेले. त्याच्या घरात तर काहीच राहिलं नाही. मी शेठना सांगून त्याला, त्याच्या बायकोला आणि छोट्या मुलीला सांगलीकडं आणलं. तो पॉलिशच्या पिंपावर लागला, बायको गौरव्वा हळद निवडायला. माझं जेवण त्यांच्याकडंच. मी पाटावर बसलो की तो म्हणायचा, "काय बीए, आज विंग्रजीत जेवनार का मराटीत?" रोज तोच विनोद, आणि रोज तो स्वतःच आधी हसायचा. त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. बीए. कारखान्यातसुद्धा, चार माणसांत, "ओ बीए!" मला थोडी लाज वाटायची. थोडं बरंही वाटायचं.

सांगलीकडं हळद पेवात ठेवतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. ठाऊक नसेल तर सांगतो. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड एवढंसं, माणूस जेमतेम आत शिरेल, आणि खाली पोट मोठं, रांजणासारखं. तिथली मातीच अशी की आत ओल धरत नाही. हळद भरायची, तोंडावर पाला घालून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा राहतो. पण आत हवा कोंडते. ती हवा दिसत नाही, तिला वास नाही. म्हणून पेव उघडलं की ते निम्मा दिवस तसंच उघडं ठेवायचं. मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. तळापर्यंत जाऊन जळत राहिला, तर माणूस उतरणार. विझला, तर नाही. पुन्हा थांबायचं, पुन्हा कंदील. त्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. लहान पोरंसुद्धा पेवाच्या तोंडाशी खेळत नाहीत.

हे मला माहीत होतं. हे आत्ताच सांगून टाकतो. माहीत नव्हतं असं नाही.

शेठ मुलीच्या सोयरिकीसाठी मुंबईला गेले होते. जाताना म्हणाले, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." नेमका त्याच आठवड्यात मिरजेहून निरोप आला की आपल्या मालासाठी डबा मिळतोय, पण संध्याकाळपर्यंत भरला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याला जाईल. डबे तेव्हा महिना-महिना मिळत नसत. आणि त्या दिवशी गावची जत्रा. कारखाना बंद. पेवात उतरणारी माणसं त्याच गावची, ती जत्रेच्या दिवशी पेवाला हात लावत नाहीत. मी त्यांच्या दारात जाऊन आलो. त्यांच्यातला एक म्हातारा फेटा बांधता बांधता म्हणाला, "आवं सायेब, आज देवाचा दिस हाय. हळद काय पळून जातीया व्हय?"

मला तो डबा हवा होता. शेठ परत आल्यावर मला सांगायचं होतं, की डबा मिळाला, भरला, माल गेला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवावा — एवढंच. एवढ्यासाठी माणूस काय काय करतो?

मी मल्लाण्णाला हाक मारली. गौरव्वा मुलीला घेऊन जत्रेला पुढं गेली होती. तोही निघायच्या बेतात होता, अंगात धुतलेला सदरा. त्यानं सदरा काढून खुंटीला लावला आणि आला. तो पॉलिशवरचा माणूस, पेवात कधी उतरलेला नाही. आम्ही दोघांनी मिळून पेवाचं तोंड उघडलं. ते पेव आधी निम्मं उपसून परत बंद केलेलं होतं, म्हणजे माल खोल, आणि वर सगळी कोंडलेली हवा.

इथपर्यंत मी मनातल्या मनात पुष्कळदा आलो आहे. इथून पुढं जाताना काहीतरी काम निघतं. पाणी प्यायचं असतं, दार कुणी वाजवलं असं वाटतं. आज नको. आज पुढं जातो.

निम्मा दिवस थांबायला हवं होतं. आम्ही थांबलो तेवढ्या वेळात माणूस दोन बिड्या ओढील. मग मल्लाण्णा स्वतःच म्हणाला, "कंदील सोडतेत न्हवं का हितं?" त्यानंच ऑफिसातून कंदील आणला, पेटवला, दोरीला बांधला, आत सोडला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. उजेड खाली खाली गेला, लहान झाला, आणि विझला. वाऱ्यानं विझतो तसा फडफडला नाही. नुसता मिटला.

मल्लाण्णा म्हणाला, "थांबू या की रं जरा. दुपारनं बघू."

मी म्हणालो, "हेलकाव्यानं विझला असेल. उतर."

"परत एकदा सोडून बगू?"

आणि मग मी जे बोललो ते ऐका. मी म्हणालो, "शेठच्या जिवावर दोन वेळा खातोस. दुष्काळात मरायला सोडलं नाही त्यांनी तुला. आणि एक दिवस एवढं काम होईना तुझ्यानं?"

ज्यानं माझी मेंढरं राखली, त्याला मी हे म्हणालो. चढ्या आवाजात. माझ्या अंगावरचं शेठचं ओझं मी उचलून त्याच्या पाठीवर टाकलं, आणि त्यानं ते घेतलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा एकदम लांबचा वाटावा, तसं पाहिलं. मग म्हणाला, "बरं, सायेब."

सायेब म्हणाला. पहिल्यांदाच.

दोर धरून तो उतरला. थोडा वेळ दोर हलत होता. मग खालून पोतं पडल्यासारखा आवाज आला. मी हाक मारली. पुन्हा मारली. आत अंधार, आणि माझाच आवाज.

तुम्हाला वाटेल, मी लगेच माणसं गोळा करायला धावलो असेन. मलाही तसंच वाटायला आवडलं असतं. मी आधी कंदील उचलला. पेवाच्या तोंडाशी विझलेला पडला होता तो. त्याची दोरी सोडली, गुंडाळली. ऑफिसात गेलो. कंदील त्याच्या खिळ्याला अडकवला. काच अजून गरम होती. बोटाला चटका बसला. आणि मग मी बाहेर येऊन ओरडत जत्रेकडं पळालो.

तेवढ्या वेळात तो वाचला असता का? डॉक्टर नंतर म्हणाले, अशा हवेत माणूस काही श्वासांतच जातो. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पण कंदील अडकवताना मला डॉक्टरांचं ते वाक्य कुठं माहीत होतं? मी तो अडकवला, तेव्हा माझ्या लेखी मल्लाण्णा खाली जिवंत होता.

गावकरी आले. त्यांनी कुणाला आत उतरू दिलं नाही. लिंबाच्या फांद्यांचा मोठा भारा दोराला बांधून खालीवर, खालीवर करत हवा घुसळली. मग कंदील सोडला, तो जळत राहिला, तेव्हा दोघं उतरले आणि त्याला वर काढलं. अंगभर हळद. नाकात, पापण्यांवर. नवरदेवासारखा दिसत होता — हे तिथं कुणीतरी बोललंसुद्धा, आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

गौरव्वा जत्रेतून धावत आली. मुलीच्या हातात जत्रेतली पिपाणी होती. ती कुणी काढून घेतली नाही, पोर मधूनच ती वाजवत होती. गौरव्वा त्याच्या छातीवर पडून रडली, मग एकदम मान वर करून तिनं मला विचारलं, "भावजी, कंदील न्हवता का सोडला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. गावकरी, पेढीचे दिवाणजी, तो फेटेवाला म्हातारा.

मी म्हणालो, "न्हाई वैनी. मी त्याला तोंड उघडून ठेव म्हणालो, आणि आत ऑफिसात गेलो. मी नव्हतो इथं. तो आपला आपण उतरला."

तिचं रडणं थांबलं. खरंच थांबलं, नळ बंद करावा तसं. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि त्यालाच म्हणाली, "एवढी कसली घाई हुती रं तुला? आमी काय उपाशी हुतो?"

त्यानंतर ती रडली नाही. तेव्हा नाही, दिवस घालताना नाही, कधीच नाही. नवऱ्याच्या मरणावर रडणं हा बाईचा हक्क असतो. मी तो तिच्याकडून घेतला, आणि त्या जागी राग दिला. मेलेल्या माणसावरचा राग. तो कधी भांडून संपत नाही.

आता त्या टाळ्या ज्याला पडल्या, ते सांगतो.

जुने दिवाणजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पेव म्हंजे काय कारखाना हाय व्हय रं? मातीतलं भोक ते. बाईला काय द्यायचं ते शेठ देतील. कशाला सरकार घरात घ्यायचं?" वाईट माणूस नव्हता तो. तेव्हा सगळीकडं असंच चालायचं. बोट गेलं, हात गेला, माणूस गेला, तरी आपसात मिटवायचं, आणि वर कळवायचं ते फक्त लपवता येणार नाही तेवढंच. मी म्हणालो, "दिवाणजी, पेव कारखान्याच्या भिंतीच्या आत आहे. कामावर माणूस गेला. इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, आणि लगेच." ते म्हणाले, "शेठ येऊ देत तरी." मी थांबलो नाही. पोस्टात जाऊन तार केली. फोनही लावला. माझा आवाज शांत होता.

मी हे का केलं? कायदा म्हणून? त्यात थोडं तेही होतं, नाही म्हणत नाही. पण खरं असं की मला ठाऊक होतं, उद्या ना परवा कुणीतरी विचारणारच. गावात कुजबुज होणारच. आपण होऊन कळवणाऱ्यावर संशय घेत नाहीत. त्याला खुर्ची देतात, चहा देतात, आणि तो सांगेल ते आधी लिहून घेतात.

तसंच झालं. कोल्हापूरहून इन्स्पेक्टरसाहेब आले. साधा, सरळ माणूस. पेवाच्या तोंडाशी उकिडवं बसून त्यांनी आत बघितलं, टेपनं मोजमापं घेतली. मग मला विचारलं, "कंदील सोडला होता?"

"नाही साहेब."

"तुम्ही कुठं होता?"

"ऑफिसात. मालाच्या डब्यासाठी मिरजेला फोन लावत होतो."

"उतरायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी तर थांबायला सांगितलं होतं."

थांबायला सांगितलं होतं — हे वाक्य मल्लाण्णाचं. त्याच्या तोंडातलं काढून मी माझ्या तोंडात घातलं.

साहेबांनी मान हलवली. म्हणाले, "अशिक्षित माणसं. सांगून ऐकत नाहीत. पण तुमच्यासारखे कळवणारे दहा जण असते ना, तर आमचं काम सोपं झालं असतं." पेवाला कठडा करा, झाकण बसवा, असा हुकूम त्यांनी शेठना दिला आणि जायच्या आधी सगळ्या कामगारांना पॉलिशच्या शेडमध्ये जमवून चार शब्द सांगितले. "तुमच्यातलाच एक भाऊ उतावळेपणा करून जिवाला मुकला. त्याच्यासारखं करू नका." हळद निवडणाऱ्या बायकांत गौरव्वा बसली होती. तिनं मान खाली घातली. तिला लाज वाटत होती.

कायद्यानं मिळायचं ते तिला मिळालं, शेठनीही हात आखडला नाही. म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला विचारत आलो, असं काय मोठं बिघडलं? माणूस तर गेलाच होता. माझ्या खोट्यानं त्याच्या घरचं एका पैशाचं नुकसान झालं का? नाही झालं. फक्त तो मूर्ख ठरला. फक्त त्याच्या बायकोच्या मनातून तो उतरला.

मुंबईहून परतल्यावर शेठनी पाठीवर हात ठेवला. ज्यासाठी सगळं केलं तो हात. म्हणाले, "तू कळवलंस ते बरं केलंस." डबा मात्र भरला गेला नाही, तो दुसऱ्याला मिळाला.

त्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या शिफारशीमुळंच मला पुढं कराडकडची नोकरी मिळाली. तिथं दर गळीत हंगामाच्या सुरुवातीला मी नव्या कामगारांना सुरक्षेवर बोलायचो. मळीच्या टाकीत असं एकदम उतरू नका, आधी हवा तपासा. उदाहरण कुणाचं द्यायचं? मी मल्लाण्णाचं द्यायचो. "माझ्या पाहण्यातला एक कामगार होता. कंदील न सोडताच उतरला." दरवर्षी. पोरं गंभीर होऊन ऐकायची. कदाचित एखाददुसरा जीव त्यामुळं वाचलाही असेल. ते मी जमेला धरत नाही. खरं सांगूनही तो वाचलाच असता. खरं एवढंच, की माणसाला आत उतरवणारा स्वतः वरच उभा असतो, त्याला नाही म्हणा. हे मी एकाही पोराला शिकवलं नाही.

गौरव्वा सांगलीतच राहिली. मी वर्षातून दोनदा तरी जायचो. ती भाकरी करून वाढायची, शेंगदाण्याची चटणी वाढायची. "भावजी, तुमी हुता म्हनून आमचं निबावलं." मी जेवायचो. घास उतरायचा. घरात मल्लाण्णाचा फोटो नव्हता. मी एकदा जुन्या ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा मोठा करून नेऊन दिला, तर ती म्हणाली, "ठिवा तिकडं. ज्याला आमची पर्वा न्हवती त्याचा फोटू कशाला?" पोरीच्या लग्नाची पत्रिका छापली तेव्हा वधूपित्याच्या जागी तिनं आपल्या भावाचं नाव घातलं. लोकांनी तिला नावं ठेवली. मी तिथंच होतो, मांडवात, आहेर घेऊन उभा.

सांगायची संधी नव्हती, असं म्हणू नका. संधी दर भेटीला होती. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. मग वाटायचं, आता बोलून तिला काय मिळणार? — म्हणजे मला काय गमवावं लागणार. मी ती भाकरी गमवायला तयार नव्हतो. त्या घरात कुणीतरी मला चांगला म्हणत होतं.

मग ती आजारी पडली. मिरजेच्या दवाखान्यात ठेवली होती. मुलीचा फोन आला, "आई तुमाला बोलवतीया." मी सकाळच्या गाडीनं गेलो. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. गौरव्वा अगदी एवढीशी झाली होती. मला बघून हसली. उशाशी स्टूल होतं, त्यावर बसलो.

इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "भावजी, एक इचारू?"

"विचारा की वैनी."

"आता मलाबी तिकडंच जायचंय. त्यो भेटंल न भेटंल. पन मनात येतंय... उतरताना त्यो माझं, पोरीचं काय बोलला का ओ? नाव तरी काडलं का?"

एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच त्याच्याविषयी काही विचारलं. राग न ठेवता विचारलं. आणि मला याचं उत्तर माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं. पण ते उत्तर द्यायचं तर मी पेवापाशी उभा असायला हवा होतो, आणि तिथं मी नव्हतो, हे मी गावासमोर, सरकारसमोर, तिच्यासमोर सांगून चुकलो होतो.

मी म्हणालो, "वैनी, मी कुठं होतो तिथं?"

"व्हय की," ती म्हणाली. "इसरलेच बगा." आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं.

चार दिवसांनी ती गेली. मी खांदा दिला.

तो बोलला होता. दोर धरून तो गळ्यापर्यंत आत गेला होता, मान तेवढी वर. मघाशी मी टाकून बोललो होतो ते तोवर त्याच्या मनातून गेलेलंही होतं, त्याच्या मनात काही टिकायचंच नाही. मला हळूच म्हणाला, "गौरीला सांगू नको हां, पेवात उतरलो म्हनून. शिव्या घालील. आन् तिकडं पोर वाट बगत आसंल, तिला पाळण्यात बसवतो म्हनलोय. हे झालं की पळत जातो."

मी ते गौरीला सांगितलं नाही.

मुलगी सांगलीत असते. आता तिलाही नातवंडं आहेत. आपला बाप घाईनं, आपल्याच चुकीनं मेला, त्याला कुणाची आठवण नव्हती, असं ती मानते. सणाला मला फोन करते, काका म्हणते. मागच्याच आठवड्यात बोलली. तब्येत कशी आहे म्हणून तिनं विचारलं, मी बरी आहे म्हणालो, आणि फोन ठेवला.